गजकर्णाची कडा

लोणारच्या विवराभोवतीची मूठभर माती काचेच्या बशीत पसरायची, जेमतेम ओली करायची, तिच्यावर निर्जंतुक केलेल्या केसांचे बारीक तुकडे टाकायचे आणि झाकण लावून ठेवायचे. पुढे काहीच करायचे नसते. काही आठवड्यांनी त्या तुकड्यांवर पांढरट, कधी पिवळसर लव धरते. केस हेच जिचे अन्न अशी बुरशी त्या मातीत होतीच; आमिष मिळाले आणि ती वर आली. बेल्जियमचे रेमों व्हानब्रोसेघेम यांनी १९५२ मध्ये रूढ केलेली ही पद्धत आजही जगभर वापरली जाते. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या लोणारला सुनील देशमुख आणि शिल्पा वेरेकर यांनी हीच पद्धत वापरली आणि उल्काघाताने झालेल्या त्या विवराच्या परिसरात अशा बुरशी सापडल्याचे २००६ मध्ये ‘मायकोपॅथॉलॉजिया’ या नियतकालिकात मांडले. खाऱ्या, अल्कधर्मी तळ्याच्या आसपास, बेसॉल्टच्या मुलखात, केसांवर जगणारे जीव निवांत नांदत आहेत. दवाखान्यात मांड्या खाजवत बसलेल्या माणसांपासून या बुरशीचा विचार सुरू केला तर ती शत्रूच वाटते. मातीपासून सुरुवात केली की चित्र बदलते, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांत गजकर्णाने देशभर जो हट्ट धरला आहे त्यात बुरशीचा वाटा किती आणि आपला किती, हा हिशेबही बदलतो. माझ्या मते आपला वाटा बराच मोठा आहे.

केराटिन हे प्रथिन फार चिवट. केस, नखे, शिंगे, खूर, पिसे, लोकर आणि आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा मृत थर, हे सारे मुख्यतः त्याचेच बनलेले. त्याच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या पुलांनी जखडलेल्या असतात. केस जळाल्यावर जो उग्र वास सुटतो त्यात या गंधकाचाच हात असतो. प्राण्यांच्या पोटातले पाचकरस या पुलांपुढे हात टेकतात. घुबड उंदीर अख्खा गिळते आणि काही तासांनी केसांची व हाडांची घट्ट गोळी तोंडावाटे टाकून देते ती त्यामुळेच. बुरशी मात्र इथे पोटापेक्षा हुशार ठरते. ती आधी सल्फाइट नावाचे साधे रसायन बाहेर सोडते. त्याने गंधकाचे पूल तुटतात. साखळ्या सुट्या झाल्या की प्रथिने तोडणारी विकरे सोडून ती त्यांचे बारीक तुकडे करते आणि मग ते शोषून घेते. म्हणजे जेवण शरीराबाहेरच शिजवायचे आणि तयार घास तेवढा आत घ्यायचा. ओनिजेना इक्विना नावाची बुरशी तर कुजणाऱ्या शिंगांवर आणि खुरांवरच उगवते, तिची बहीण ओनिजेना कॉर्व्हिना पिसांवर आणि घुबडाने टाकलेल्या त्या गोळ्यांवर. आजवर जन्मलेल्या प्रत्येक गाईचे खूर, प्रत्येक कावळ्याची पिसे आणि प्रत्येक माणसाचे केस साठत राहिले असते तर जमीन दिसली नसती. ते साठले नाहीत, कारण हे सफाई कामगार मातीत अखंड राबत आहेत.

यातल्या बहुतेक जाती मातीतच राहिल्या. काहींनी बिळात राहणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर, पुढे गाईगुरांच्या आणि मांजरांच्या अंगावर मुक्काम हलवला, आणि थोड्या माणसावर स्थिरावल्या. तज्ज्ञ त्यांचे मातीप्रिय, प्राणीप्रिय आणि मानवप्रिय असे तीन गट करतात. मुक्काम बदलला तरी आहार बदलला नाही, ही यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. निरोगी माणसाच्या अंगावरही ही बुरशी जिवंत पेशीला सहसा हात लावत नाही. ती खाते वरचा मेलेला थर, जो आपण एरवी अंघोळीला घासून टाकतोच. मातीत पडलेला केस आणि आपल्या मांडीवरचा मृत थर यांत तिच्या लेखी फारसा फरक नाही. फरक पडतो तो आपल्या बाजूने. मृत थराखाली जिवंत त्वचा असते, तिला वर चाललेल्या जेवणाचा सुगावा लागतो आणि ती प्रतिकाराला उभी राहते. लाली, सूज, खाज, बारीक पुरळ हे सगळे त्या प्रतिकाराचे रूप आहे. बुरशी गोलाकार बाहेर सरकत जाते; मागे, मधोमध, त्वचेने तिला बरेचसे हटवलेले असते; कडेवर झुंज ताजी असते. गजकर्णाचे ते ओळखीचे वर्तुळ, मध्ये निवळलेले आणि कडेला उठावदार, म्हणजे झुंजीची सीमारेषाच. शरीर कुठवर जिंकले आणि बुरशी कुठवर पोचली हे त्या कडेवर लिहिलेले असते.

आपल्या भाषेला हा आकार जुना ओळखीचा आहे. गजकर्ण म्हटले की हत्तीचा कान डोळ्यापुढे येतो. पावसाळ्यात मराठवाड्यात बांधावर माजणारा तरोटा, कोकणातला टाकळा, त्याचे संस्कृत नाव चक्रमर्द, म्हणजे चक्र मोडणारा; दुसरे नाव दद्रुघ्न, दद्रु म्हणजे नायटा मारणारा. एकोणिसाव्या शतकात मुंबईत नायट्यावर ‘गोवा पावडर’ नावाची पिवळी भुकटी नावाजलेली होती. नाव गोव्याचे असले तरी ती निघत असे ब्राझीलमधल्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातून आणि पोर्तुगिजांच्या व्यापाराबरोबर ती इकडे पोचली होती. १८७५ च्या सुमारास बाहिया इथल्या एका डॉक्टरने हे कोडे उलगडले. ती भुकटी कपडे डागाळायची आणि कातडे चांगलेच भाजायची. जुनी औषधे सगळी गुणकारी होती असे सुचवण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी किती जणांची कातडी विनाकारण सोलली असेल याची मोजदाद नाही. पण त्यातली बरीचशी एकाच दिशेने काम करत. ती त्वचेला डिवचत, मृत थर सोलून काढत, म्हणजे बुरशीचे ताटच ओढून घेत. ॲसिडची मलमेही हेच करत आली. रुग्णाला त्रास होई, आणि त्या त्रासाच्या वाटेने थोडेफार बरे होई.

आज मेडिकलच्या काउंटरवर ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हटले की पुढे येते ती वस्तू नेमकी उलट्या दिशेने काम करते. तिच्यात अनेकदा तीन-चार औषधे एकत्र कालवलेली असतात: एक तीव्र स्टिरॉईड, बऱ्याचदा क्लोबेटासॉल, जे लावायच्या स्टिरॉईडांतल्या सर्वांत प्रखर गटातले आहे; एखाद-दोन जिवाणूनाशके, ज्यांचा बुरशीशी काही संबंध नाही; आणि एक बुरशीनाशक. स्टिरॉईड त्वचेचा प्रतिकार झोपवते. एक-दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, कडा विरघळल्यासारखी दिसते. माणूस ट्यूबवर खूश होतो आणि त्याने खूश व्हावे यात काही चूक नाही, कारण ज्या त्रासासाठी तो गेला होता तो त्रास गेला. बुरशी मात्र जागची हललेली नसते. उलट तिच्यावर पहारा करणारे झोपलेले असतात, त्यामुळे ती पसरते. ट्यूब बंद केली की खाज दामदुपटीने परत येते, पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम. काही महिन्यांत वर्तुळ ओळखू येईनासे होते, कधी वर्तुळाच्या आत वर्तुळे दिसतात, आणि जांघेतली त्वचा पातळ होऊन तिच्यावर तडकल्यासारखे कायमचे पट्टे उमटतात. आयव्ह आणि मार्क्स या दोन डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अशा गजकर्णाला ‘वेषांतर केलेले’ या अर्थाचे लॅटिन नाव दिले, ते १९६८ मध्ये. म्हणजे हा धोका अर्ध्या शतकाहून जुना आणि छापून आलेला आहे. माझे म्हणणे एवढेच, की आपण लक्षण आणि रोग यांची गल्लत केली, ती गल्लत ट्यूबमध्ये भरून विकली, आणि देशात गजकर्ण चिघळले ते मुख्यतः या व्यवहारातून.

या व्यवहाराला कायद्यातली एक फट बराच काळ उपयोगी पडली. औषध नियमांच्या ‘शेड्यूल एच’ यादीतली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. स्टिरॉईडे त्या यादीत होती. पण बाहेरून लावायच्या औषधांना त्याच यादीच्या तळटिपेत सूट होती. पोटात घ्यायचे स्टिरॉईड चिठ्ठीवर आणि कातडीला चोळायचे मोकळे, असा अर्थ त्यातून काढला गेला, जणू कातडी हा शरीराचा भागच नव्हे. चेहऱ्यावर स्टिरॉईड चोळणाऱ्यांची एक मोठी पाहणी त्वचारोगतज्ज्ञांनी देशातल्या अनेक केंद्रांत केली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध केली. २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टिरॉईड लावत होते, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांना ते सुचवणारा माणूस डॉक्टर नव्हता. ही पाहणी गजकर्णाची नव्हती, पण ट्यूब घरात कशी शिरते याची वाट ती दाखवते: शेजारीण, मैत्रीण, दुकानदार, न्हावी. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध बरीच वर्षे आवाज उठवला, आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने लावायची १४ स्टिरॉईडे त्या यादीत घातली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, तिच्यातही अशी काही मलमे होती. बंदी ठरावीक मिश्रणांवर असते. एक घटक बदलला की मिश्रण नवे होते आणि पुन्हा दुकानात येते. अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक आणि दुकाने यांची संख्या शेजारी-शेजारी ठेवली तर चिठ्ठी मागण्याचा नियम कागदावर का राहतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

दरम्यान बुरशीही बदलली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्याकडे गजकर्ण बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन रुब्रम या जातीचे असे. गेल्या दशकात ती मागे पडली आणि मेंटाग्रोफायटिस गटातला एक प्रकार देशभर पसरला. त्यात नवल असे की ज्या टर्बिनाफीनच्या गोळ्यांनी पूर्वी दोन-चार आठवड्यांत अंग स्वच्छ व्हायचे, त्या गोळ्या निकामी ठरू लागल्या. टर्बिनाफीन बुरशीच्या पेशीआवरणाचा कच्चा माल तयार करणाऱ्या एका विकराला चिकटून त्याचे काम थांबवते. नव्या बुरशीत त्या विकराच्या साखळीतले एखादे अमिनो आम्ल, बहुधा ३९७ व्या जागचे, बदललेले असते आणि औषधाला बसायला जागाच उरत नाही. कुलूप बदलल्यावर जुन्या किल्लीची जी गत, तीच. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती संस्थेतल्या संशोधकांना २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जवळपास एक तृतीयांश नमुन्यांत असा प्रतिकार आढळला. २०२० मध्ये जपानच्या रुई कानो आणि सहकाऱ्यांनी या बुरशीला स्वतंत्र जातीचा दर्जा दिला आणि नाव ठेवले ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन स्त्रियांना ती झाल्याची नोंद अमेरिकी आरोग्य यंत्रणेने केली. एक बांगलादेशात जाऊन आली होती. दुसरी अलीकडे देशाबाहेर गेलेली नव्हती. म्हणजे ती बुरशी तिथे आधीच पोचली होती आणि एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जात होती.

इथे पहिला आणि वजनदार आक्षेप येतो. जनुकात बदल कोणाला विचारून होत नाहीत. ट्यूब नसती तरी हा बदल झालाच असता, मग दोष ट्यूबला का? बदल योगायोगाने होतो हे खरेच आहे. पण एका बुरशीत झालेला बदल कोट्यवधी बुरशींत दिसू लागतो तो योगायोगाने नाही. त्याला निवड लागते. ज्या अंगावर बुरशीनाशक आहे पण अपुरे आहे, बुरशीची संख्या प्रचंड आहे, आणि उरलेली बुरशी निपटून काढणारा शरीराचा प्रतिकार झोपवलेला आहे, तिथे औषधाला दाद न देणारी एखादी पेशीही जगते, वाढते आणि घरातल्या पुढच्या अंगावर जाते. मिश्र मलम हे तिन्ही घटक एका ट्यूबमध्ये पुरवते. हे प्रयोगशाळेत पहिल्यापासून शेवटपर्यंत घडवून दाखवलेले नाही, आणि माणसांवर असा प्रयोग कोणी करूही नये. त्यामुळे माझा दावा सिद्धान्ताइतका पक्का नाही. पुराव्याच्या दिशेवरून काढलेला तो निष्कर्ष आहे. आज अनेक रुग्णांनी आयुष्यात स्टिरॉईड लावलेले नसते तरी त्यांना हीच बुरशी होते, हाही आक्षेप घेतला जातो. तो दाव्याविरुद्ध जात नाही. आग एका घरात लागते आणि जळतो वाडा. स्टिरॉईड आणि बुरशी यांची जोडी किती महाग पडते हे २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने महाराष्ट्राला दाखवले होते. ती बुरशी वेगळ्या कुळातली, शरीरात खोल शिरणारी आणि जीवघेणी. तिथे मधुमेह होता, कोविड होता. पण प्रतिकार दाबला की बुरशीला रान मोकळे होते, हा धागा दोन्हीकडे एकच आहे. त्या वर्षी गल्लोगल्ली समजलेली ही गोष्ट मांडीवरच्या चट्ट्याला लागू करायला आपण विसरलो.

दुसरा आक्षेप रुग्णावर बोट ठेवतो. लोक कोर्स अर्धवट सोडतात, टॉवेल एकमेकांचे वापरतात, घट्ट जीन्स घालतात, ओले कपडे तसेच अंगावर वाळवतात. मग गजकर्ण होणार नाही तर काय? त्यात तथ्य आहे. त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात, पायाच्या अंगठ्याचे नख पूर्ण नवे यायला वर्ष-दीड वर्ष. खाज थांबली म्हणून तिसऱ्या आठवड्यात गोळ्या सोडणारा माणूस बुरशीला घरात ठेवूनच दार लावतो. पण या आक्षेपातला ‘स्वच्छता पाळा’ हा सल्ला छत्रपती संभाजीनगरात उभा राहून देऊन पाहा. सल्ला असा असतो: रोज अंघोळ करून अंग नीट कोरडे करा, प्रत्येकाचा टॉवेल वेगळा ठेवा, अंतर्वस्त्रे, चादरी गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात उलट्या करून वाळवा. शास्त्राच्या दृष्टीने यातला शब्द न् शब्द बरोबर आहे. गळून पडलेल्या त्वचेच्या कणांत बुरशीचे बीजाणू महिनोन्महिने तग धरतात आणि कोमट पाण्याच्या धुण्याला ते जुमानत नाहीत. साठ अंशांच्या पाण्याने मात्र मरतात. पण हे पाणी आणायचे कुठून?

सतराव्या शतकात मलिक अंबरने या शहरासाठी जमिनीखालून नहर आणली. पाणचक्कीपाशी जुन्या जलवाहिन्यांचे कौशल्य आजही पाहायला पर्यटक येतात. आजचे शहर पन्नासेक किलोमीटरवरच्या जायकवाडीच्या नाथसागरावर अवलंबून आहे आणि अलीकडच्या अनेक वर्षांत कित्येक वसाहतींना नळाचे पाणी आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा मिळत आले आहे. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटींच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन झाले. पुढे खर्चाचा आकडा २,७४० कोटींवर गेला. मे २०२२ मध्ये पाण्यासाठी शहरात मोठा मोर्चा निघाला. ज्या घरात आठवड्याचे पाणी ड्रमांत आणि टाक्यांत मोजून ठेवतात, तिथे पाच माणसांच्या पाच टॉवेलांचे आणि चादरींचे रोजचे गरम पाण्याचे धुणे हा सल्ला म्हणजे हवेतली गोष्ट. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या एमआयडीसीत पाळ्यांमध्ये काम करणारा कामगार जाड गणवेश आणि सेफ्टी शूज आठ-आठ तास घालतो, मे महिन्यात चाळिशीपार गेलेल्या तापमानात घामाने निथळतो, आणि भाड्याच्या एका खोलीत आणखी तिघांबरोबर राहतो, एकाच दोरीवर कपडे वाळत घालतो. बुरशीला ऊब, ओल आणि शेजार लागतो, तिघेही हजर. अशा माणसाला निष्काळजी म्हणण्यापूर्वी त्याच्या नळाला पाणी कधी येते ते विचारायला हवे. पाणीपुरवठा खात्याच्या फायलीत गजकर्णाचा रकाना नसतो, म्हणून हे नाते दिसत नाही. स्टिरॉईडची ट्यूब इथे इतकी का खपते, याचेही अर्धे उत्तर त्यातच आहे. ट्यूबला पाणी लागत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत त्रासदायक वाटतो, कारण तो समंजस माणसांकडून येतो: यात कोणी मरत नाही, क्षय, कर्करोग, सर्पदंश असताना गजकर्णावर एवढी शक्ती का खर्चायची? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्राधान्याने अभ्यासायच्या १९ बुरशींची यादी काढली, तिच्यातही गजकर्ण करणारी एकही बुरशी नाही. मृत्यू हाच मापदंड धरला तर ही यादी योग्य आहे. पण रोगाची बेरीज मरणांनीच करायची असेल तर झोपेचे काय? रात्र-रात्र खाज, दिवसा चारचौघांत हात जांघेकडे जाऊ नये म्हणून चाललेली धडपड, नवरा-बायकोतला दुरावा, लग्न ठरताना लपवलेले पट्टे, घरातल्या लहानग्याला उचलून घ्यायची भीती, हे सगळे वर्षानुवर्षे चालते. बाई जांघेतला चट्टा डॉक्टरला दाखवायला लाजते आणि कोणाकडून तरी ट्यूब मागवते. त्यात पैसाही जातो. टर्बिनाफीन निकामी झाल्यावर इट्राकोनाझोल द्यावे लागते, तेही अनेक आठवडे. ते महाग, यकृताकडे लक्ष ठेवून द्यायचे आणि इतर बऱ्याच गोळ्यांशी न जमणारे. त्यालाही बुरशी उद्या सरावली तर पुढे देण्यासारखी औषधे बोटावर मोजण्याइतकी आहेत. बुरशीविरुद्ध औषध शोधणे मुळातच अवघड, कारण तिची पेशी जिवाणूपेक्षा आपल्या पेशीच्या जवळची. तिला लागेल आणि आपल्याला लागणार नाही असे नेमके ठिकाण सापडावे लागते. सापडलेली ठिकाणे आपण ट्यूबमागून ट्यूब वाया घालवतो आहोत.

चौथा आक्षेप गरिबांच्या बाजूने बोलतो. त्वचारोगतज्ज्ञ शहरात, गावातल्या माणसाने एका चट्ट्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून घाटीची ओपीडी गाठायची का? स्वस्त ट्यूब काढून घेतली तर त्याच्या हातात काय उरते? घाटी म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे शासकीय रुग्णालय; त्याच्यावर अवघ्या मराठवाड्याचा आणि शेजारच्या जिल्ह्यांचा भार आहे. प्रत्येक नायटा तिथे धाडणे शक्य नाही, हे मान्य. पण ट्यूब स्वस्त आहे हेच मुळात खरे नाही. वर्षभरात घेतलेल्या ट्यूबांची आणि शेवटी घ्याव्या लागलेल्या गोळ्यांची किंमत एकत्र मांडली तर ती या रोगावरची सर्वांत महाग वाट ठरते. गावातल्या माणसाच्या हातात द्यायला हवे ते साधे, एकाच घटकाचे बुरशीनाशक मलम, आणि त्याआधी हा चट्टा बुरशीचाच आहे याची खात्री. ती खात्री न करता नाव ठेवण्याची घाई किती महागात पडते याचे ताजे उदाहरण लोणारच्याच जिल्ह्यातले आहे.

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात, बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस मुठीने हातात येऊ लागले. दोन-चार दिवसांत टक्कल. सुरुवातीला पाण्यावर संशय आला, बुरशीचा संसर्ग असल्याचेही बोलले गेले. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके आली, नमुने गेले, आणि विंचूदंशावरच्या कामासाठी महाराष्ट्र ज्यांना ओळखतो ते डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीवरून मांडले की रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम कमालीचे वाढलेले आहे आणि त्याचा माग रेशनच्या गव्हापर्यंत जातो. नंतर काहींची नखेही सुटू लागल्याच्या बातम्या आल्या. डोक्यातली बुरशी असे वागत नाही. ती मुख्यतः लहान मुलांना होते, केस तिच्यामुळे मुळाशी ठिसूळ होऊन तुटतो, खपल्या धरतात, आणि चट्टा हळूहळू पसरतो. अख्खे गाव आठवड्यात टकले होत नाही. सेलेनियम हा गंधकाचा रासायनिक भाऊबंद. तो गंधकाच्या जागी जाऊन बसतो आणि केराटिनचे पूल कच्चे करतो, असे त्याच्या विषबाधेचे स्पष्टीकरण दिले जाते. बुरशी ज्या पुलांवर बाहेरून घाव घालते त्याच पुलांची ही आतून झालेली पडझड. दुरून दोन्ही सारखेच दिसते, आणि दोन्हींवरचा उपाय पूर्ण वेगळा.

खात्री करण्याची रीत साधी आहे. चट्ट्याच्या कडेवरून, जिथे झुंज ताजी असते तिथूनच, बोथट पात्याने थोडे खवले काचपट्टीवर खरवडून घ्यायचे. त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे दोन थेंब टाकायचे. ते रसायन केराटिन विरघळवते पण बुरशीच्या भिंतीला हात लावत नाही. काही मिनिटांत खवल्यांचा चुरा निवळतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या तारेसारखे, फांद्या फुटलेले, मध्ये पडदे असलेले धागे आडवेतिडवे पसरलेले दिसतात, किंवा दिसत नाहीत. स्टिरॉईड चोळलेल्या चट्ट्यात तर ते एरवीपेक्षा जास्तच दाट दिसतात. कोणता धागा कोणत्या जातीचा हे यातून कळत नाही, आणि एखादा चट्टा सुटूनही जातो. तरी ट्यूब द्यायची की नाही हे ठरवायला एवढे पुष्कळ आहे. हिवतापासाठी रक्ताच्या आणि क्षयासाठी थुंकीच्या काचपट्ट्या वर्षानुवर्षे तपासत आलेले सूक्ष्मदर्शक मराठवाड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आहेत, आणि त्यावर डोळा लावणारे तंत्रज्ञही आहेत. त्यांच्या टेबलावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडची एक बाटली आणि नोंदवहीत एक रकाना वाढवायचा आहे.